जुन्या गेमांसाठी जुना पीसी जमवलाय, पण निम्म्या गेम चालेनात. मार्ग सांगा

मंगळवारपेठी · रवि, २१:१२

एकाच पीसीवर १९९० पासून २००३ पर्यंतच्या सगळ्या गेम चालवता येतात का? कुणी खरंच चालवल्यात का? यूट्यूबवर 'अल्टिमेट रेट्रो पीसी' म्हणून दाखवतात त्यात खरं किती आणि थापा किती?

माझ्याकडचा सेट: पेंटियम ४, २.४ गिगाहर्ट्झ. रॅम १ जीबी. हार्डडिस्क ८० जीबी. जीफोर्स ६२०० एजीपी. साउंड बोर्डवरचाच. मॉनिटर १९ इंची वाइड एलसीडी. शाहूपुरीतल्या एका ऑफिसातून निघालेला, बाहेरून एक ओरखडा नाही. किंमत दोन मटण थाळ्यांची. (खरी किंमत लिहीत नाही, घरचे हा धागा वाचतात.)

विंडोज ९८ सेकंड एडिशन टाकलं. आता रडगाणं ऐका. फडिस्कला (डिस्कचे भाग पाडायचं साधन) ८० जीबीची डिस्क १० जीबीची दिसते. ९८ कसंबसं बसलं, तर सुरू होताना मेमरी अपुरी आहे म्हणतं. १ जीबी अपुरी! प्रिन्स ऑफ पर्शिया चालते, पण नुसती स्पीकरची टीं टीं, साउंड ब्लास्टर (तेव्हाचं साउंड कार्ड) निवडला की गप्प. जॅझ जॅकरॅबिट 'रनटाइम एरर २००' म्हणून तोंडावर दार आपटते. नीड फॉर स्पीड २ एसई चालते, पण थ्रीडीएफएक्सवाली चालत नाही, साध्या मोडमध्ये रस्ता ठोकळ्या-ठोकळ्यांचा दिसतो. क्वेक चालते, पण संगीत गायब.

'डॉसबॉक्स वापर' (नव्या पीसीवर जुना डॉसवाला पीसी उभा करणारा प्रोग्रॅम) असा एका ओळीचा प्रतिसाद कृपया नको.

तांबडा_पांढरा · रवि, २१:१५

डॉसबॉक्स वापर.

नववी_गल्ली · रवि, २१:१६

हहपुवा. तीन मिनिटं पण धीर धरला नाही गड्यानं.

वूडूबाबा · रवि, २२:०४

@मंगळवारपेठी, भावा, तुझा पीसी या गेमांच्या मानानं लय नवा आहे. एकेक घेऊ.

डिस्क: ९८ सोबत आलेल्या फडिस्कला ६४ जीबीच्या पुढचं मोजता येत नाही. ६४ वजा करून उरलेलं तेवढं दाखवतं. तुझी ८० ची डिस्क म्हणजे प्रत्यक्षात साडेचौऱ्याहत्तर, त्यातून ६४ गेले की साडेदहा. फडिस्कची सुधारित आवृत्ती मिळते ती वापर, नाहीतर दुसऱ्या मशीनवर लावून फॅट३२ चं पार्टिशन पाडून आण. मात्र १३७ जीबीच्या वरची डिस्क ९८ ला लावूच नकोस. सुरुवातीला सगळं गोड चालतं, डिस्क त्या हद्दीपर्यंत भरली की डेटा एकमेकांवर लिहिला जातो.

मेमरी: ५१२ एमबीच्या वर रॅम असली की ९८ चा व्हीकॅश (डिस्कवरचा डेटा रॅममध्ये धरून ठेवणारा भाग) स्वतःसाठी इतके पत्ते अडवून ठेवतो की बाकीच्यांना जागाच उरत नाही. म्हणून भरपूर रॅम असूनही 'अपुरी' म्हणतं. सिस्टिम.आयएनआय उघड, व्हीकॅश नावाच्या भागात मॅक्सफाइलकॅश=२६२१४४ लिही. आकडा केबीमध्ये असतो, म्हणजे २५६ एमबी झाले. तेवढ्यानं नाही भागलं तर सरळ एक काडी काढून ठेव. ९८ च्या काळातल्या कुठल्याच गेमला ५१२ च्या वर लागत नाही.

नीड फॉर स्पीड: २ एसई (१९९७) ला ग्राफिक्स कार्डाची एकच भाषा येते, ग्लाइड. ती फक्त थ्रीडीएफएक्सच्या वूडू कार्डांची. तुझं जीफोर्स कितीही तगडं असलं तरी गेमच्या लेखी ते नाहीच. एक तर वूडू शोध, नाहीतर एक्सपी टाकून एनग्लाइड वापर. ते ग्लाइडचं बोलणं डायरेक्टएक्सला समजावून सांगतं.

मंगळवारपेठी · रवि, २२:२०

मॅक्सफाइलकॅश टाकलं. चालू झालं!! रॅम पण काढावी नाही लागली. बाबा, दंडवत घ्या.

अर्धा_कट · रवि, २२:३१

प्रिन्ससाठी कमांडवर 'प्रिन्स मेगाहिट' टाकत होता का? त्याशिवाय आमच्या गल्लीत कुणी तिसऱ्या लेव्हलच्या पुढं गेलेलं आठवत नाही.

नववी_गल्ली · रवि, २२:३८

नंतरच्या आवृत्तीत 'इम्प्रूव्हड' टाकायला लागायचं. हे ज्याला ठाऊक त्याला कॅफेत वेगळाच मान. तासाला पैसे भरून आत बसलेली पोरं त्याला चहा पाजायची.

खडूफळा · सोम, ०७:१०

रनटाइम एरर २०० बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. शाळेत कॉम्प्युटर शिकवण्यात आयुष्य गेलं.

जीडब्ल्यू बेसिकमध्ये प्रोग्रॅम जरा थांबवायचा असेल तर आम्ही मुलांना रिकामा फॉर-नेक्स्ट लूप लिहायला लावायचो. एक ते पाच हजार नुसतं मोजायचं, मग पुढची ओळ. ८०८८ वर त्याला काही सेकंद लागत. शाळेत ४८६ आले आणि त्याच प्रोग्रॅममधला चेंडू पडद्यावर दिसेनासा झाला. मुलांना वाटलं मशीन बिघडलं. जुन्या पुष्कळ गेमांचा वेग असाच मशीनच्या वेगाला बांधलेला असतो. विंग कमांडर (१९९०) वेगवान मशीनवर लावून बघा, शत्रू दिसायच्या आत आपण खलास.

टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवाल्यांनी त्यातल्या त्यात शहाणपणा केला. त्यांच्या सीआरटी युनिटमध्ये (भाषेसोबत येणारा तयार कोड) प्रोग्रॅम सुरू होतानाच मशीनचा वेग मोजला जातो. घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामा लूप किती वेळा फिरला ते मोजायचं आणि त्याला ५५ नं भागायचं. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ च्या आत मावणार असं धरून चाललेलं. प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचले आणि उत्तर मावेना. असा न मावणारा भागाकार झाला की प्रोसेसर जो इंटरप्ट देतो, तोच शून्यानं भागल्यावरही देतो. म्हणून पडद्यावर 'डिव्हिजन बाय झीरो' येतं. प्रत्यक्षात शून्यानं कुणी भागलेलंच नसतं.

उपाय: टीपीपॅच नावाचं छोटं साधन आहे, ते ईएक्सई फाइल दुरुस्त करतं. फाइल आधीच दाबून लहान केलेली असेल तर मात्र ती आधी उलगडावी लागते.

मुक्ता_ · सोम, ०९:४५

सर, इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. मी कॉलेजला असताना प्रॅक्टिकलच्या परीक्षेत हाच एरर आला होता आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला 'शून्यानं का भागलंस' म्हणून झापलं होतं!

पुण्यातला_कोल्हापूरकर · सोम, ११:०२

रागावू नका, पण @तांबडा_पांढरा एका ओळीत बरोबरच बोललाय. डॉसबॉक्समध्ये सायकल्स (म्हणजे प्रोसेसरचा वेग) कमी-जास्त करता येतात, कंट्रोल एफ११ नं मशीन हळू, कंट्रोल एफ१२ नं जलद. एरर २०० चा प्रश्न मिटला. साउंड ब्लास्टर १६ आत बसलेलाच असतो. आवाजाचा प्रश्न मिटला. क्वेकसाठी सीडीची इमेज माउंट करा, संगीत वाजतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर जेवणाच्या सुट्टीत खेळतो मी. लोखंड गोळा करण्यात काय अर्थ? विंडोज ९८ च हवं असेल तर ८६बॉक्स आहे. त्यात बायोससकट अख्खा जुना पीसी उभा राहतो, वूडू कार्डासकट.

वूडूबाबा · सोम, ११:३०

८६बॉक्समध्ये पेंटियम २ च्या वर जरा ओढून बघ, तुझ्या ऑफिसच्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा वाजेल. आणि एक सांग, कपाटातल्या अस्सल सीड्यांचं काय करायचं? सेफडिस्कवाल्या (कॉपी रोखणारं कुलूप असलेल्या) सीड्या विंडोज १० वर चालतच नाहीत. त्या संरक्षणाला लागणारा एसईसीडीआरव्ही ड्रायव्हरच २०१५ पासून बंद झाला, कारण त्यातून मशीनमध्ये घुसखोरी होऊ शकत होती. पैसे मोजून घेतलेली गेम, आणि चालवायला क्रॅक शोधत फिरायचं? ९८ वर सीडी टाकली की चालते.

पुण्यातला_कोल्हापूरकर · सोम, ११:४१

पैसे मोजून घेतलेली गेम? कोल्हापुरात? १९९९ साली?

वूडूबाबा · सोम, ११:४३

एक होती.

अर्धा_कट · सोम, ११:५०

मिसळ सांगितलीय. चालू द्या.

उद्यमनगरी · सोम, १३:२०

गेममधलं मला काय कळत नाही. बोर्ड दुरुस्त करतो. पण ह्या पेंटियम ४ च्या बोर्डाबद्दल एक सांगतो, कारण रोज एक तरी टेबलावर येतो.

कॅबिनेट उघडा. प्रोसेसरच्या कडेला कंडेन्सरांची ओळ असते. प्रत्येकाच्या डोक्यावर अधिक किंवा के सारखी खाच असते. डोकं सपाट असेल तर ठीक. जरा जरी फुगीर दिसलं, बोटाला टेकाड लागलं किंवा खाचेतून तपकिरी काहीतरी आलेलं असलं, तर गेम मधेच अडकते, रीस्टार्ट होतं, आणि माणूस विंडोजला शिव्या घालत बसतो. २००० नंतरच्या काही वर्षांत बाजारात खराब इलेक्ट्रोलाइटचे कंडेन्सर भरपूर आले. ते सगळे आता मान टाकालेत. बदलताना १०५ डिग्रीचे, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) घ्या. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, मायक्रोफॅरड तेवढंच. पांढऱ्या पट्ट्याची बाजू म्हणजे मायनस. उलटा लावला तर फुटतो आणि वास दोन दिवस जात नाही.

३८६-४८६ च्या बोर्डावर निळी पिंपासारखी बॅटरी असते, ती आधी काढा, मग बाकीच्या गप्पा. ती गळली की बोर्डाच्या तांब्याच्या रेषा हिरव्या करून खाते. गळलेलं अल्कली असतं, त्यामुळं व्हिनेगर लावून ब्रशनं घासायचं, पाण्यानं धुवायचं, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). व्हिनेगर नसलं तर लिंबू.

तांबडा_पांढरा · सोम, १३:२६

पांढऱ्या रश्श्यावर पिळून उरलेलं चालेल का?

उद्यमनगरी · सोम, १३:४०

चालंल. बोर्ड माझ्याकडं आणू नका म्हणजे झालं.

शाहूपुरी_कुंभारगल्ली · सोम, १४:१५

उद्यमनगरी यांना +१. २०१९ च्या पुरात आमचं खालचं घर पाण्यात होतं, माळ्यावर न्यायला वेळ मिळाला नाही म्हणून जुना पेंटियम ३ टेबलावरच राहिला. पाणी उतरल्यावर कॅबिनेटमध्ये बोटभर गाळ. मुलानं बोर्ड साध्या पाण्यानं धुतला, आयपीएनं पुसला, आठवडाभर कपड्यांच्या दोरीखाली सुकवला. बोर्ड सुरू झाला. हार्डडिस्क गेली, सीडी ड्राइव्ह गेला. फ्लॉपी ड्राइव्हनं आतल्या गाळासकट एकदा गर्रर केलं आणि तोही गेला. तो बोर्ड अजून आहे. त्यावर एक लांब काळा स्लॉट आहे, ज्यात आता काहीच बसत नाही.

वूडूबाबा · सोम, १४:१७

थांबा थांबा. लांब काळा स्लॉट?? चिपसेटवर काय लिहिलंय? ४४०बीएक्स?

शाहूपुरी_कुंभारगल्ली · सोम, १४:५८

चष्मा लावून बघितलं. इंटेल, ८२४४३बीएक्स.

वूडूबाबा · सोम, १५:०५

काकू, तो बोर्ड भंगारात घालू नका. हात जोडतो.

आता @मंगळवारपेठी, तुझ्या आवाजाचं कोडं. डॉसमध्ये गेम आणि साउंड कार्ड यांच्या मधे कुणी नसायचं. गेम थेट २२० या पोर्टवर जाऊन कार्डाला हाक मारायची, आवाजाचा डेटा डीएमएच्या एका ठरलेल्या चॅनलवरून जायचा. ती व्यवस्था आयएसए स्लॉटची, म्हणजेच काकूंकडच्या त्या लांब काळ्या स्लॉटची. तुझ्या बोर्डवरचा एसी९७ साउंड त्या पत्त्यावर राहतच नाही. विंडोजमध्ये ड्रायव्हर त्याची सोंगं काढतो, शुद्ध डॉसमध्ये तेही नाही. प्रिन्स हाका मारते, ओ देणारं कुणी नाही, म्हणून गप्प. पीसीआय कार्डांत यामाहाची वायएमएफ७२४ डॉसला बऱ्यापैकी ओ देते, पण तीही जुन्या चिपसेटवर.

४४०बीएक्स (१९९८) वर आयएसए पण आहे आणि एजीपी पण. साउंड ब्लास्टर १६ आणि जुनं वूडू, दोन्ही एकाच बोर्डावर. वर पेंटियम ३, २५६ एमबी रॅम. मशीन हळू करायचं असेल तर बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचा आतला कॅश बंद करायचा, पेंटियम ३ थेट ३८६ च्या चालीनं चालायला लागतो. म्हणून ह्या बोर्डासाठी लोक तडफडतात.

नववी_गल्ली · सोम, १५:३०

मशीन हळू करायला पूर्वी कॅबिनेटवर टर्बोचं बटण होतं की!

अर्धा_कट · सोम, १५:३४

ते दाबलं की मशीन जलद व्हायचं ना? आमच्या क्लासमध्ये ते दाबायला भांडणं व्हायची.

खडूफळा · सोम, १५:५०

ते बटण खरं तर मशीन मुद्दाम हळू करण्यासाठीच दिलेलं असायचं, जुने प्रोग्रॅम नीट चालावेत म्हणून. आणि शेजारी जो लाल आकडा दिसायचा ना, ३३ किंवा ६६, तो काही मोजत नसे. मागे जंपर लावून जो आकडा ठरवाल तो दिसायचा. एका विद्यार्थ्यानं आमच्या लॅबमधल्या मशीनवर ९९ करून ठेवला होता. त्या मशीनवर बसायला रांग लागायची.

नववी_गल्ली · सोम, १५:५२

तो विद्यार्थी कोण ते मला माहीत आहे पण सांगणार नाही, सर.

मुक्ता_ · सोम, १८:१०

क्वेककडे कुणाचंच लक्ष नाही म्हणून मी बोलते. क्वेकचं (१९९६) संगीत फाइलमध्ये नाही, सीडीवर साध्या ऑडिओ सीडीसारखे वेगळे ट्रॅक आहेत. गेम ड्राइव्हला फक्त 'अमुक ट्रॅक वाजव' म्हणते. ड्राइव्ह तो स्वतः वाजवतो आणि आवाज मागच्या बाजूच्या चार पिनांच्या बारीक वायरीतून साउंड कार्डात जातो. आयडीईची रुंद पट्टी वेगळी, ही वेगळी. ऑफिसच्या पीसीत ही वायर बहुतेक वेळा जोडलेलीच नसते, कारण ऑफिसात गाणी कोण ऐकतंय? तपासायला सोपं: ड्राइव्हला पुढे हेडफोनचं भोक असेल तर त्यात हेडफोन घालून गेम लावा. तिथं संगीत आलं तर वायरच नाही म्हणून समजा.

आणि सीडी कॉपी असेल तर ती आयएसओवरून केलेली असणार. आयएसओमध्ये ऑडिओ ट्रॅक येतच नाहीत, फक्त डेटा येतो. बिन आणि क्यू अशा जोडफाइलीवरून केलेली कॉपी हवी.

मंगळवारपेठी · सोम, २१:४५

@मुक्ता_, हेडफोन घातला, संगीत आलं. अंगावर काटा आला. उघडून बघितलं तर वायर खरंच नाही. जुना ड्राइव्ह विकणाऱ्यांकडे ती पण मिळते का?

@उद्यमनगरी, कंडेन्सर बघितले. दोन फुगलेत. शनिवारी येतो तुमच्याकडं, लिंबू न लावता.

@खडूफळा सर, जॅझ चालली. फाइल दाबलेलीच होती, उलगडून पॅच केली.

पुण्यातला_कोल्हापूरकर · सोम, २२:०५

म्हणजे वायर शोधा, कंडेन्सर बदला, ईएक्सई उलगडा, आयएनआय लिहा. मी यातलं काहीच केलं नाही आणि दुपारी प्रिन्सची सातवी लेव्हल झाली. नुसतं नोंदवून ठेवतो.

वूडूबाबा · सोम, २२:१२

वाइड एलसीडीवर ताणलेला प्रिन्स ना? आडवा, सुमो पैलवानासारखा?

पुण्यातला_कोल्हापूरकर · सोम, २२:१४

आस्पेक्ट करेक्शन नावाची सोय असते हो बाबा. ३२० बाय २०० चं चित्र ४:३ मध्ये दिसतं.

वूडूबाबा · सोम, २२:१९

बरं, हे मान्य. मूळ प्रश्नाचं पण उत्तर देतो, नाहीतर धाग्याचं काश्मीर होईल. १९९० ते २००३ एकाच मशीनवर: चालवून दाखवता येतं, रोज खेळता येत नाही. रोज बायोसमध्ये जाऊन कॅश बंद-चालू कोण करणार? @मंगळवारपेठी, तुझ्या पेंटियम ४ वर ९८ आणि एक्सपी दोन्ही ठेव. जीफोर्स ६२०० ला ९८ साठी ८१.९८ हा ड्रायव्हर घाल, तो शेवटचा अधिकृत. २००० नंतरचं सगळं, व्हाइस सिटीसकट, तिथं आरामात पळतं. व्हाइस सिटीत फ्रेम लिमिटर चालूच ठेव, बंद केलास तर गाड्या विचित्र वागतात. १९९९ च्या आधीचं सगळं ४४०बीएक्सवर. आणि प्रिन्स हवी तर पुणेकरांच्या पद्धतीनं खेळ, मी कुणाला सांगणार नाही.

तांबडा_पांढरा · सोम, २२:२२

म्हणजे शेवटी डॉसबॉक्स.

शाहूपुरी_कुंभारगल्ली · मंगळ, १०:३०

मंगळवारपेठी, आमचा बोर्ड घेऊन जा. पैसे नकोत. मुलगा बेंगळुरूला असतो, तो म्हणाला कुणीतरी वापरत असेल तर द्या. फक्त एक काम कर. सोबत क्रिकेट ९७ ची सीडी आहे, ती लागते का बघ. मुलगा ती लावायचा तेव्हा मी स्वयंपाकघरातून रिची बेनॉची कॉमेंट्री ऐकायचे. सीडीवर बुरशीचे ठिपके आलेत.

उद्यमनगरी · मंगळ, १०:४८

ठिपके वरच्या प्लास्टिकवर असतील तर निघतात. साबणाचं पाणी, मऊ कापड, मधून बाहेरच्या कडेकडं सरळ पुसायचं, गोल गोल नाही. उजेडासमोर धरल्यावर ठिपक्यातून आरपार दिसलं तर थर खाल्लाय, मग काय उपयोग नाही. आणि बोर्डाला नव्या एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) लावायचं असेल तर आधी विचारा. नव्यात उणे ५ व्होल्ट येत नाही, काही जुन्या आयएसए साउंड कार्डांना ते लागतं.

मंगळवारपेठी · मंगळ, २१:१०

काकू, आज संध्याकाळी येऊन बोर्ड घेतला, चहाबद्दल आभार. सीडी उजेडासमोर धरली, आरपार काही दिसत नाही, उद्या पुसतो.

आता पुढचा प्रश्न. साउंड ब्लास्टर १६ मिळालं, एकाकडं माळ्यावर होतं. ऑटोएक्झेकमध्ये (मशीन सुरू होताना चालणारी फाइल) सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ लिहिलंय. बाकी गेम बोलतात, एक जुनी गेम गप्पच. काय करू?

वूडूबाबा · मंगळ, २१:२८

ती गेम आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती लाइन) ७ च धरत असणार, सुरुवातीच्या काही गेम दुसरं काही विचारतच नाहीत. कार्ड ७ वर ने आणि ओळीत आय७ कर. पण ७ वर प्रिंटरचा पोर्ट बसलेला असतो, तो आधी बायोसमधून बंद कर.

अर्धा_कट · मंगळ, २१:३१

आणि प्रिंटर लागलाच तर?

वूडूबाबा · मंगळ, २१:३२

पुण्याला फाइल पाठव, त्यांचं सगळं चालतं.